मृगाच्या तोंडावर: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

रोहिणी लागली की घरच्या शेतीत कामांची झुंबड उडते. रान तयार करायचं, बियाणं बघायचं, धान्य कोठीत घालायचं, गोठ्याचं छप्पर शाकारायचं, आणि हे सगळं धारा, शेण, वैरण ही रोजची कामं सांभाळून. या वेळी आलेली पत्रंही त्याच गडबडीतली आहेत. जिथे उशीर झाला तर नुकसान भरून येत नाही, ते प्रश्न आधी घेतले आहेत.

वार पडायच्या आधी चीक पाजावा का?

*आमची म्हैस येत्या पंधरवड्यात विणार आहे. मागच्या वेताला वार पडायला सात तास लागले. तोवर रेडकाला चीक पाजला नाही, कारण आधी पाजला तर वार आत अडकते असं सासूबाई म्हणतात. ते रेडकू तिसऱ्या आठवड्यात हगवणीने गेलं. या दोन्हींचा काही संबंध असेल का? – एक भगिनी, ता. चाळीसगाव*

संबंध असण्याची शक्यता फार मोठी आहे. गाई-म्हशींच्या वारेतून रोगाशी लढणारे घटक पोटातल्या वासराला मिळत नाहीत. ते सगळे चिकात असतात. वासराची आतडी हे घटक जसेच्या तसे रक्तात घेऊ शकतात, पण ही ताकद जन्मानंतर तासागणिक कमी होत जाते आणि चोवीस तासांत जवळजवळ संपते. सात तास वाट बघण्यात त्यातला सगळ्यात मोलाचा वेळ निघून गेला.

रेडकाला म्हशीने चाटून कोरडं केलं, ते उभं राहायला धडपडू लागलं की अर्ध्या ते एका तासात पहिला चीक पोटात गेला पाहिजे. पहिल्या चोवीस तासांत वजनाच्या दहाव्या भागाइतका चीक द्यायचा. ३० किलोच्या रेडकाला ३ लिटर. त्यातला दीड लिटर पहिल्या दोन तासांत, उरलेला दोन-तीन वेळा विभागून. ओढत नसेल तर बाटलीला निपल लावून पाजा. मान वर करून नळ्याने ओतू नका. चीक श्वासनळीत गेला तर फुप्फुसं बिघडतात आणि रेडकू दोन दिवसांत हातचं जातं. चिकात पाणी घालायचं नाही.

सासूबाईंची काळजी खोटी नाही, वार अडकली तर म्हैस वाया जाते हे त्यांनी पाहिलेलं असणार. पण रेडकू सड ओढतं तेव्हा म्हशीला पान्हा सुटतो, आणि ज्या संप्रेरकाने पान्हा सुटतो त्यानेच गर्भाशय आकुंचन पावतं. म्हणजे पाजल्याने वार पडायला मदतच होते. वार साधारण आठ ते बारा तासांत पडते. लोंबणाऱ्या वारेला दगड किंवा चप्पल बांधू नका, हात घालून ओढू नका. बारा तास उलटले तर डॉक्टरांना बोलवा.

नाळ पोटापासून दोन इंचांवर उकळलेल्या दोऱ्याने बांधून, त्याखाली स्वच्छ ब्लेडने कापा आणि टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. पुढचे दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तेच करा. रेडकांना जंत आईकडूनच येतात, म्हणून दहाव्या ते पंधराव्या दिवसाच्या दरम्यान जंताचं पहिलं औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यायचं. तिसऱ्या आठवड्यातल्या हगवणीमागे जंतही असू शकतात. खरवस जरूर करा, पण रेडकाचा वाटा बाजूला काढून मग.

त्याच सडाला पुन्हा पुन्हा दगडी

*संकरित गाय आहे, एका वेळेला ६-७ लिटर देते. या वेतात मागच्या उजव्या सडाला दोनदा दगडी झाली. औषधाने बरी होते, महिन्याभरात पुन्हा होते. सकाळी आई धार काढते, संध्याकाळी मी किंवा धाकटा भाऊ. आता पावसाळ्यात काय करावं? – ता. बार्शी*

त्याच सडाला दगडीचं, म्हणजे कासदाहाचं, दुखणं परत येतं तेव्हा आधी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, औषधाचा कोर्स पूर्ण झाला होता का. दुसऱ्या दिवशी दूध स्वच्छ दिसलं की तिसऱ्या दिवसाची ट्यूब राहून जाते, असं बहुतेक घरांत होतं. जंतू मेलेले नसतात, नुसते दबलेले असतात. दुसरी गोष्ट म्हणजे धार काढणारे हात. तुमच्याकडे ते तिघांचे आहेत आणि तिघांची पद्धत वेगळी असणार.

उद्या सकाळी आईचा आणि भावाचा अंगठा बघा. अंगठा आत दुमडून त्याच्या पेरावर सड दाबला जात असेल तर दुखण्याचं मूळ तिथेच आहे. अंगठ्याचं हाड सडाच्या आतलं नाजूक अस्तर रोज चेचतं, तिथे जंतूंना घर मिळतं. धार पूर्ण मुठीने काढायची: अंगठा आणि पहिलं बोट यांनी सड वरून बंद करायचा, मग मधलं, अनामिका, करंगळी अशी बोटं क्रमाने मिटत न्यायची. खाली ओढायचं नाही, फक्त दाबायचं. सड आखूड असेल आणि मूठ बसत नसेल तर दोन बोटांच्या चिमटीने, हलक्या हाताने. बोटं दुधात बुडवून ओली करायची सवय मोडा. ओल्या हाताचा मळ धारेबरोबर सडाच्या तोंडाशी जातो.

आता क्रम. गोठा झाडायचा असेल तर धारेच्या आधी अर्धा तास झाडून घ्या, धारेच्या वेळी धूळ उडू नये. सगळी कास भिजवू नका, फक्त सड कोमट पाण्याने धुवा आणि कोरड्या फडक्याने पुसा. एका गाईला एक फडकं. कास भिजली तर मळकं पाणी निथळून सडाच्या टोकाशी जमतं, म्हणजे न धुतलेलंच बरं. पहिल्या दोन-तीन धारा जमिनीवर न सोडता काळं कापड ताणून बांधलेल्या वाटीत घ्या. काळ्यावर दह्यासारखी बारीक कणी लगेच दिसते. ज्या दिवशी कणी दिसली त्या दिवशी औषध सुरू झालं तर सड वाचतो. सूज येईपर्यंत थांबलं तर बऱ्याचदा त्या सडाचं दूध कमी होतं ते होतंच.

सड पुसल्यावर मिनिटभरात बसा. पान्ह्याचा जोर साधारण सहा-सात मिनिटं टिकतो. तेवढ्यात दोन्ही हातांनी काम आटोपलं पाहिजे. मध्ये उठून फोन घेतला तर शेवटचं दूध, जे सगळ्यात घट्ट असतं, कासेत राहतं आणि जंतूंना आयतं खाद्य मिळतं.

धार झाल्यावरचा अर्धा तास पावसाळ्यात सगळ्यात धोक्याचा, कारण सडाचं तोंड तेवढा वेळ उघडं असतं. चारही सड ०.५ टक्के आयोडीनच्या तयार द्रावणात बुडवा आणि लगेच पुढ्यात हिरवी वैरण टाका, म्हणजे गाय उभी राहील. खाली बसली की उघडं तोंड थेट शेणात. कपात उरलेलं द्रावण परत बाटलीत ओतू नका. गोठ्याच्या जमिनीला दर दहा फुटांना तीन इंच उतार हवा. खड्डे मुरमाने भरून चोपून घ्या आणि आठवड्यातून एकदा कोरडी चुनखडी भुरभुरा.

सूज नसलेली, आतल्या आत चालणारी दगडी ओळखायला घरची चाचणी आहे. अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवा. चार वाट्यांत चार सडांचं थोडं थोडं दूध वेगळं घ्या, प्रत्येकात तितकंच हे पाणी घाला आणि मिनिटभर हलवत राहा. मिश्रण पातळ राहिलं तर सड ठीक. जेलीसारखं ताणलं गेलं तर त्या सडात दुखणं आहे. दर पंधरा दिवसांनी करा.

आजारी सड शेवटी पिळायचा, आजारी गाय सगळ्यात शेवटी. ते दूध खड्ड्यात ओता, वासराला पाजू नका, गोठ्यात सांडू नका. औषधाच्या वेष्टनावर जितके दिवस दूध वापरू नये असं लिहिलंय तितके दिवस ते डेअरीला घालायचं नाही, मग कितीही जिवावर येवो. तिसऱ्यांदा दगडी झाली तर अंदाजाने चौथं औषध आणू नका. डॉक्टरांकरवी दुधाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा आणि कोणतं औषध लागू पडतं ते बघूनच सुरू करा. विण्याच्या ६० दिवस आधी गाय आटवताना चारही सडांत आटवणीच्या ट्यूबा सोडून घ्या. जुनी दगडी मुळापासून काढायची ती खरी वेळ. सड चोंदला म्हणून काडी किंवा सुई घालू नका.

घरचं सोयाबीन पेरण्याजोगं आहे का?

*घरचं दोन पोती सोयाबीन बियाण्यासाठी ठेवलंय. दिसायला टपोरं आहे. तरी उगवण तपासावी का, आणि एकरी किती टाकावं? – ता. औसा*

सोयाबीनच्या दिसण्यावर जाऊ नका. दाण्याचं टरफल फार पातळ असतं आणि अंकुर टरफलाला लागूनच असतो. मळणीयंत्राचा वेग जास्त झाला, पोतं खांद्यावरून दाणकन टाकलं, थप्पी उंच रचली, एवढ्याने दाणा आतून मरतो आणि वरून टपोराच दिसतो. म्हणून प्रत्येक पोत्याची वेगळी चाचणी.

पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठ मूठ दाणे काढून एकत्र करा. निवडायचं नाही, जसे येतील तसे १०० मोजा. गोणपाटाचा तुकडा धुऊन, भिजवून पिळून घ्या. त्यावर दहा दहाच्या दहा ओळी, दाण्यादाण्यात दीड इंच जागा सोडून मांडा. वर दुसरा ओला तुकडा टाकून अलगद गुंडाळी करा, दोन्ही टोकं सैल बांधा आणि सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा, पण निथळू देऊ नका. फार ओलं राहिलं तर दाणे कुजतात आणि चांगलं बियाणंही नापास होतं. अशा तीन गुंडाळ्या करा.

सातव्या-आठव्या दिवशी उघडा. मूळ आणि कोंब दोन्ही सरळ, धडधाकट असलेलेच मोजा. नुसतं फुगलेलं, मूळ नसलेलं, कोंब वाकडा झालेलं सोडून द्या. इथे लोक स्वतःलाच फसवतात, कारण गुंडाळीत मोड आला म्हणजे तो माती फोडून वर येईलच असं नाही. तिन्हींची सरासरी काढा.

७० टक्के उगवण असेल तर एकरी ३० किलो. त्याखाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवा: ६६ ला ३२, ६२ ला ३४, ६० ला ३५. साठच्या खाली गेलं तर ते बियाणं बाजाराला घाला, पेरू नका. जास्त बी टाकून विरळ रान भरून काढता येतं, पण अशा बियाण्याचे जे कोंब उगवतात तेही अशक्तच असतात.

उगवण चांगली असली तरी पेरणीची घाई केली तर सगळं फुकट. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा. बी तीन ते पाच सेंटिमीटर खोल पडावं, त्याहून खोल गेलं तर पावसानंतर माती घट्ट बसून कोंब आतच मोडतो. बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, ते सुकल्यावर पेरणीच्या आधी जिवाणूखत. उलट केलं तर जिवाणू मरतात. चोळताना हात हलका ठेवा, प्लॅस्टिकच्या कागदावर दाणे पसरून वर-खाली झुलवलं तरी पुरे. राहिलेली पोती आत्ताच उचलून फळीवर ठेवा, पाचाहून जास्त पोत्यांची थप्पी नको.

ज्वारीच्या धसकटांचे फुटवे

*रब्बीची ज्वारी काढलेल्या रानात वळवाच्या पावसाने धसकटांना हिरवेगार फुटवे आलेत. वैरण संपत आलीय. गुरं सोडावी का? – ता. मंगळवेढा*

सोडू नका. ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यात विषारी आम्ल तयार होण्याजोगा घटक असतो, आणि पाण्याच्या ताणानंतर आलेल्या फुटव्यांत तो सगळ्यात जास्त. याला किराळ लागणं म्हणतात. उपाशी जनावराने हावरटपणे खाल्लं तर पंधरा मिनिटांतही लक्षणं दिसतात: धाप, तोंडाला फेस, थरथर, कोसळणं. यावर इंजेक्शन आहे, पण ते वेळेत पोचलं तरच. खाणं ताबडतोब बंद करा, १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन लावा, जनावर सावलीत उभं ठेवा. तोंडात पाणी किंवा ताक ओतत बसू नका, धाप लागलेल्या जनावराच्या ते छातीत जातं.

धसकटं नांगरून काढा. पुढे खरिपाची चाऱ्याची ज्वारीसुद्धा निम्मी फुलोऱ्यात आल्याशिवाय कापू नका, आणि कापल्यावर काही तास सुकवून मग कुट्टी करा.

कोठीतल्या धान्याला टोका पडतो

*गहू दोन दिवस कडक उन्हात वाळवून लगेच पत्र्याच्या कोठीत भरतो, तरी श्रावणात सोंडे होतात. तुरीला तर आषाढातच भुंगा लागतो. शेजारी पावडरच्या गोळ्या टाका म्हणतात. टाकाव्यात का? – एक गृहिणी, ता. संगमनेर*

तुमच्या पत्रातला ‘लगेच’ हा शब्द महत्त्वाचा. उन्हातून उचललेला गहू तापलेला असतो. तसाच कोठीत बंद केला की रात्री पत्रा गार पडतो, आतल्या गरम हवेतलं बाष्प पत्र्याला आतून घामासारखं चिकटतं आणि कडेचे दाणे ओले होतात. कीड आधी तिथेच धरते. दुपारी चारला गहू घरात ओढा, पातळ पसरून ठेवा, रात्रभर निवू द्या, सकाळी भरा. अंगणात उघड्यावर ठेवू नका, दवाने पुन्हा ओल धरतो.

वाळला की नाही हे दाताने कळतं, दाणा कडकन फुटला पाहिजे. शंका असेल तर कोरड्या काचेच्या बरणीत पाव भाग गहू आणि दोन चमचे कोरडं बारीक मीठ घालून जोरात हलवा. दहा मिनिटांनी बघा. मीठ काचेला चिकटलं असेल तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे. तो गहू आणखी वाळवा. मीठ सुटं राहिलं म्हणजे निदान तेवढी ओल नाही, पण कोठीत वर्षभर ठेवायचा तर ती १० ते १२ टक्क्यांवर यायला हवी, म्हणून दाताची खूण सोडू नका.

कोठी भरण्याआधी सांध्यांतून, तळातून जुना भुसा खरवडून काढा आणि ती दिवसभर उन्हात पालथी ठेवा. मागच्या वर्षीचे चार दाणे राहिले तरी त्यातले किडे नव्या धान्यात उतरतात. जुना उरलेला गहू वर ओतू नका, तो आधी दळून संपवा. कोठी फळीवर, भिंतीपासून हातभर अंतरावर असावी आणि काठोकाठ भरावी, आत हवा जितकी कमी तितकी कीड कमी. सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला थराथरांत घाला. ओला पाला घातला तर तोच बुरशी आणतो. रोजच्या पोळ्यांचा गहू वेगळ्या डब्यात काढून ठेवा, मोठी कोठी रोज उघडायची नाही. महिन्यातून एकदा हात कोपरापर्यंत आत घालून बघा. आत कोमट लागलं तर किडे झालेत असं समजा, दिसत नसले तरी. सगळं काढून चाळा आणि पुन्हा वाळवा.

तुरीचं वेगळं आहे. भुंगा रानातच शेंगेवर अंडी घालतो, तो तुमच्या घरात दाण्याबरोबरच येतो. अंडी अख्ख्या दाण्यावर घालायची त्याची सवय, म्हणून वर्षाची तूर ज्येष्ठातच भरडून डाळ करून ठेवणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय. बियाण्याची तेवढी अख्खी ठेवा.

गोळ्यांचं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असंच आहे. हवेतल्या ओलाव्याने त्यातून विषारी वायू सुटतो. तो दाराच्या फटीतून झोपायच्या खोलीत जातो आणि त्याच्यावर उतारा नाही. माणसं राहतात त्या घरात त्या आणूच नका, शेजाऱ्यांनाही हे सांगा.

हुमणी, उकिरडा आणि उन्हात पडलेलं खत

*दर वर्षी मे महिन्यात उकिरड्यातलं शेणखत ढीग ढीग रानात टाकतो, पाऊस पडल्यावर पांगवतो. उसात हुमणी वाढतच चाललीय. खताशी संबंध आहे का? – ता. वाळवा*

आहे. कच्च्या, अर्धवट कुजलेल्या खतात हुमणीच्या अळ्या वाढतात आणि ट्रॉलीबरोबर तुम्हीच त्या रानात नेता. खत भरताना काटकोळ्याने ढीग उकरून बघा. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, पांढरट, तपकिरी डोक्याची अळी दिसली तर तो ढीग रानात नेऊ नका, पसरून उन्हात टाका, कोंबड्या-बगळे त्या वेचतात. कुजलेलं खत काळसर, भुसभुशीत असतं, हात घातला तर गार लागतं आणि शेणाचा वास येत नाही. आत गरम लागतं ते अजून शिजतंय.

दुसरं नुकसान तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. ढीग तीन आठवडे उन्हात पडले की त्यातला नत्र हवेत उडून जातो, रानात उरतो तो नुसता चोथा. ज्या दिवशी टाकाल त्याच दिवशी पांगवून कुळवाने मातीत मिसळा. तेवढं मनुष्यबळ नसेल तर रोज एकच ट्रॉली न्या.

पुढच्या वर्षासाठी उकिरड्याऐवजी कंपोस्ट खतासाठी नाडेपचं टाकं बांधा असं आम्ही आग्रहाने सांगू. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाका, यांनी ही पद्धत बसवली. आपल्यासारख्या शेण कमी आणि पाचट-पालापाचोळा भरपूर असलेल्या घरांना ती फार सोयीची. टाकं आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. भिंत विटांची, ९ इंची, हवा खेळायला भोकं ठेवलेली. साहित्य: काडीकचरा १४०० ते १५०० किलो, शेण ९० ते १०० किलो, चाळलेली कोरडी माती १७०० किलोच्या आसपास, आणि पाणी. भिंती आतून शेणकाल्याने भिजवायच्या. सहा इंच काडीकचरा, त्यावर ४ किलो शेण सव्वाशे-दीडशे लिटर पाण्यात कालवून शिंपडायचं, मग ५० ते ६० किलो माती पसरायची. असे दहा-बारा थर, भिंतीच्या वर दीड फूट झोपडीसारखा आकार येईपर्यंत, आणि वरून तीन इंच मातीचं लिंपण. पंधरा-वीस दिवसांत ढीग खाली बसला की पुन्हा थर देऊन लिंपायचं. तडे बुजवत राहायचं आणि पाणी शिंपडून ओल टिकवायची. इथेच बहुतेकांचं टाकं फसतं: भरताना उत्साह असतो, मग दोन महिने कुणी फिरकत नाही, काडी कोरडीच राहते आणि ‘नाडेप कुजत नाही’ अशी तक्रार होते. काळजी घेतली तर तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत मिळतं. सबंध भरणी मात्र एक-दोन दिवसांत संपवा, रोज थोडं थोडं टाकायचं नाही.

आणि या वर्षीची हुमणी? वळवाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर दिवस मावळला की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुलिंब, बाभूळ, बोर यांच्यावर जमतात. एक मादी पन्नास-साठ अंडी घालते. त्या आठवड्यात रोज तिन्हीसांजेला खाली ताडपत्री अंथरून फांद्या हलवा, पडलेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका. एकट्याच्या बांधावर करून भागत नाही, भुंगेरा उडून येतो. शिवारातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात केलं तर ऑगस्टमधला ऊस वाचतो.

मोटार फिरते, पाणी चढत नाही

*विहिरीवर ५ एचपीची थ्री फेज मोनोब्लॉक आहे. ट्रान्सफॉर्मर बदलल्यापासून मोटार व्यवस्थित फिरते, आवाज ठीक आहे, पण पाणी येत नाही. – ता. इंदापूर*

बहुधा फेज उलट झाले आहेत आणि मोटार उलटी फिरते आहे. पंपावर बाणाची खूण असते. चालू करून लगेच बंद करा आणि मागचा पंखा थांबता थांबता कोणत्या बाजूला फिरतो ते बाणाशी ताडून बघा. उलटा असेल तर तीनपैकी कोणत्याही दोन वायरींची जागा बदलली की काम झालं. हे वायरमनकडून, मेन बंद करून आणि फ्यूज काढूनच करून घ्या. तोवर मोटार चालवू नका, काही पंपांत उलट फिरल्याने आतल्या पंख्याचा नट सैल होतो.

दिशा बरोबर निघाली तर सक्शन पाइपच्या तळाच्या फूटव्हॉल्व्हकडे वळा. पाइप पाण्याने भरून ठेवा. दहा मिनिटांत पातळी उतरली तर व्हॉल्व्हच्या वायसरमध्ये काडी किंवा खडा अडकलाय. पाणी उतरत नसेल तर सक्शनचा जोड हवा ओढतोय, त्यावर ओला शाडू लिंपून बघा. ग्लँडमधून थेंब थेंब पाणी पडणं ठीक आहे, ते पूर्ण बंद होईल इतकी दोरी आवळू नका, शाफ्ट झिजतो. पावसाआधी अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पाणी ओतून घ्या.

खुडूक कोंबडीखालची अंडी फुकट गेली

*तेरा अंडी बसवली, पाचच पिल्लं निघाली. बाकीच्यांत नुसतं पाणी. – ता. सावंतवाडी*

नुसतं पाणी म्हणजे अंड्यात जीव धरलाच नव्हता किंवा पहिल्या काही दिवसांतच गेला. मे महिन्याच्या उकाड्यात अंडं चार दिवसांपेक्षा जुनं नको. बसवायची अंडी माठाजवळ, गार जागी, निमुळतं टोक खाली करून साठवा. धुऊ नका. गावठी कोंबडीला दहा-बारा पुरेत, जास्त झाली तर कडेची गार पडतात. सातव्या रात्री अंधारात बॅटरीसमोर धरा: आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा दिसल्या तर ठेवा, नितळ दिसलं तर काढून टाका. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात. टोपलीखाली वाळू आणि भाताचं तूस, शेजारी राखेची पाटी, म्हणजे कोंबडी उवांनी हैराण होऊन उठत नाही. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात घालून घ्या, पावसाळ्यातली मानमोडी (राणीखेत) घरटी सगळी खुराडी रिकामी करते. आठव्या आठवड्यात त्याच रोगाची आर-टू-बी लस टोचायची.

औषध मारूनही आठ दिवसांत गोचीड

*गाईंच्या अंगावर औषध मारलं की गोचीड पडतात, आठवड्यात पुन्हा तेवढेच. – ता. भोकरदन*

कारण गोचिडांचा मोठा भाग गाईवर नसतोच, तो भिंतीत असतो. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली पडते, भिंतीच्या फटीत जाऊन हजारो अंडी घालते. गाय आणि गोठा एकाच दिवशी फवारा: गव्हाणीची मागची बाजू, खांबांच्या खाचा, छपराच्या वाशांचे सांधे. पंधरा दिवसांनी पुन्हा, आणि आणखी पंधरा दिवसांनी तिसऱ्यांदा, कारण अंड्यांवर औषध चालत नाही. प्रमाण बाटलीवरचंच ठेवा. फवारण्याआधी गाईला पोटभर पाणी पाजा, अंग वाळेपर्यंत तोंडाला मुसकं बांधा, गव्हाण रिकामी ठेवा. जखमेवर आणि लहान वासरांवर मारू नका. फटी सिमेंटने बुजवून वर चुना द्या. संकरित गाईला सडकून ताप आणि खांद्यापुढे गाठ दिसली तर गोचीड ताप असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

घटसर्प आणि फऱ्याची लस घेतली नसेल तर ती याच आठवड्यात घ्या. लशीचा जोर यायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि हे दोन्ही रोग पहिल्या पावसाच्या पाण्याबरोबर येतात.